हरलेल्यांचं जेवण

मामी कधी फोन करत नाहीत. फोन मामा करायचे, आणि बोलून झालं की तो बंद न करताच खिशात टाकायचे. मग पुढची पाच मिनिटं मला नागपूरच्या खोलीत बसून तुमसरचा रस्ता ऐकू यायचा... सायकलची घंटी, कुणाला तरी घातलेली हाक, एखादी शिवी. म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी फोनवर मामींचं नाव दिसलं, तेव्हाच काय ते कळलं. "बाई, तुहे मामा गेले वो," त्या म्हणाल्या. "चहा मांडला, आवाज देल्ला, उठलेच नाही." आणि मग, जणू खरं हेच सांगायचं होतं, अशा आवाजात, "सव्वीसचे तांदूळ परवाच आणून ठेवले त्यायनं. आता काय करू मी?"

दुपारच्या गाडीने तुमसर रोडला उतरले आणि ऑटोने वस्तीत पोचले. विहारासमोर माणसं जमली होती. बोडी फुटबॉल क्लबच्या पोरांनी मामांच्या अंगावर क्लबची निळी जर्सी पांघरली होती. रस्त्याच्या पलीकडे प्रतिस्पर्धी मंडी क्लबची माणसं एका रांगेत उभी होती आणि त्यांच्या पुढे मधुभाऊ, मंडी क्लबचे अध्यक्ष, मामांच्याच वयाचे, धान्याच्या अडतीचे मालक. गुडघे धरत धरत ते रस्ता ओलांडून आले, हार घातला, आणि हळूच म्हणाले, "रामराम, प्रल्हाद." या रामरामला मामा आयुष्यभर 'जयभीम' असं उत्तर देत आले होते. दोघांपैकी एकानेही आपला शब्द कधी बदलला नाही आणि दोघांपैकी एकालाही त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दिवशी उत्तर आलं नाही, तेव्हा मधुभाऊ तिथेच उभे राहिले. कोणीतरी दंडाला धरून त्यांना बाजूला नेलं.

तुमसर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तांदूळ आठवतो, फुटबॉल कोणाला आठवत नाही. पण आमच्या गावात हा खेळ फार जुना आहे. कोणी म्हणतं रेल्वेवाल्यांनी आणला, कोणी म्हणतं खाणीवरच्या साहेबांनी. ज्याने आणला असेल त्याने गावाला एक भांडण देऊन ठेवलं. राइस मिलांच्या मागे एक मैदान आहे. त्याच्या एका अंगाला धान्यबाजार आणि दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे लहानसं तळं. बाजाराकडचा तो मंडी क्लब आणि तळ्याकडचा तो बोडी क्लब. वर्षभर दोघे कुठे कुठे जाऊन खेळतात, वरठीला जातात, भंडाऱ्याला जातात, कप आणतात, हरून येतात. त्याचं कोणाला फारसं काही नसतं. गावाला मॅच एकच, सव्वीस जानेवारीच्या दुपारची. सकाळी झेंडावंदन झालं की मिलमधली कोंड्याची राख आणून रेषा मारायच्या, बांबूचे खांब उभे करायचे. जाळी कधीच नव्हती, त्यामुळे गोल झाला की नाही यावर गाव निदान दोन आठवडे बोलत असे.

आणि नियम असा, की हरेल त्याने जिंकणाऱ्याला जेवू घालायचं. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही. मामा म्हणायचे, ज्यानं केला तो एक तर लय हुशार असंल नाही तर लय भोळा. कारण मंडी क्लब म्हणजे बाजारातली आणि आसपासच्या गावांतून येऊन राहिलेल्या शेतकरी घरांची पोरं. बोडी क्लब म्हणजे आमची वस्ती, आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेली. मैदानात अंगाला अंग घासायचं. एकमेकांचा घाम लागायचा, कोपर लागायचं, कधी रक्तही लागायचं, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत जेवणाला होती. मंडी हरली की बाजारातल्या शेडमध्ये आमच्या पोरांची पंगत बसायची, हलवायाकडून पुऱ्या आणि बुंदी यायची, मधुभाऊ स्वतः वाढायचे. बोडी हरली की मंडीचे खेळाडू वस्तीत यायचे, हार घालून घ्यायचे, फोटो काढून घ्यायचे, आणि पानावर बसायची वेळ झाली की कोणाचा उपास असायचा, कोणाच्या घरी पाहुणे आलेले असायचे, कोणाचं पोट सकाळपासून बरं नसायचं. मग केळी आणली जायची. सोलून खायची वस्तू, कोणाचा हात न लागलेली. केळी खाऊन, हात जोडून, हसत हसत ते निघून जायचे. कधी कोणी वाईट शब्द बोललं नाही. इतकी सभ्य गोष्ट होती ती, की तिच्यावर बोट ठेवणाराच असभ्य ठरावा.

मी नऊ-दहा वर्षांची असताना हे पहिल्यांदा पाहिलं. आम्ही भंडाऱ्याला राहायचो. शाळेतला झेंडा झाला की आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, मला घेऊन तुमसरची एसटी पकडायची. त्या वर्षी बोडी हरली होती. मामींनी अंगणात केवढा तरी स्वयंपाक मांडला होता. भाताचा मोठा गंज, वरण, वांग्या-बटाट्याची भाजी, तिच्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकलेला, आणि भजी. मला भूक लागली होती, पण पाहुणे जेवल्याशिवाय मिळणार नव्हतं. आणि पाहुणे केळी खात होते. मी मामांना विचारलं, "मामा, ते काहून नाही जेवून राहिले?" मामा हसले. "त्यायचं पोट भरलं हाये, बाई." "मग आपण खेळतो काहून त्याच्याशी?" यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "गोल अडवता येते म्हणून." मामी तिकडे भाजीवर झाकण ठेवत होत्या. पुढे दोन दिवस सगळ्या वस्तीने ते अन्न खाल्लं.

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. माझे बाबा चळवळीतले. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत नेहमी पत्रकांचा गठ्ठा असायचा. गुलाबी, पिवळी, पोपटी, शाईचा वास येणारी पत्रकं. अक्षरं जुळवायला मी त्या पत्रकांवरून शिकले. मी वाचलेले पहिले शब्द 'बंधूंनो आणि भगिनींनो' होते, हे घरात अजून हसून सांगितलं जातं. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा मामा भला माणूस आहे. पण भलेपणाने कुठे काही बदलतं का?" त्या दिवसापासून मी मामांवर फार प्रेम केलं आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक चीडही राहिली. दोन्ही शेवटपर्यंत टिकलं.

मामा मिलमध्ये मिस्त्री होते आणि क्लबचे गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती मधुभाऊंच्या पेनल्टीने मोडली होती. तरुणपणी मधुभाऊ मंडीचे फॉरवर्ड, आणि त्या दोघांची जुगलबंदी बघायला करडीहून माणसं सायकलवर यायची म्हणे. मधुभाऊ बॉल घेऊन निघाले की आमची वस्ती ओरडायची, "ए मधू, पोतं नाही ते, बॉल होय! हळू उचल!" आणि मामा खांबांमध्ये उभे राहिले की मंडीवाले ओरडायचे, "बोडीतला बगळा उभा रायला, झोपला का पाहा बे!" मामा उंच होते, एका पायावर भार टाकून उभे राहायचे, बगळा त्यांना शोभायचा. खेळणं सुटल्यावर पोरांना शिकवताना ते स्वतःच सांगायचे, "बगळ्यासारखं राहा बे पोट्टेहो. हालू नका. मासा आला का मंग हाला." मिलच्या कोंड्याने छाती भरत गेली तसं ते ओरडेनासे झाले. पुढे तर मैदानाच्या कडेला बसून नुसती बोटं हलवायचे आणि पोरांना कळायचं.

मामी मात्र या सगळ्यात कुठेच नव्हत्या. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मला ते फार उशिरा दिसलं. शेवंतामामींनी लग्नापासून एकही मॅच पाहिलेली नाही. मॅच चालू असते तेव्हा त्या चुलीजवळ असतात. निकाल लागण्याआधीच स्वयंपाक तयार पाहिजे, हा मामांचा दंडक होता. "हरल्यावर चूल पेटवावं तं पाहुणा थांबंल का? त्याले जायाचं निमित्त आपण काहून देवाव?" मंडीवाले असं कधी करत नसत. हरले की बाजारातून मागवायचे. आमची चूल मात्र सकाळीच पेटायची. जिंकलो तर पोरं मंडीत जेवायची आणि मामींचं रांधलेलं वस्ती खायची. हरलो तरी वस्तीच खायची.

मी कॉलेजला होते त्या वर्षी मामांनी एक चूक केली. चूक हा शब्द त्यांचाच. त्यांनी मंडीतल्याच हलवायाला सांगून ठेवलं, सव्वीसला तू आमच्या वस्तीत येऊन रांध. सामान आमचं, जागा आमची, हात तुझे. मला आईकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि सव्वीसच्या सकाळी वस्तीत घरोघरी वाटल्या. 'ज्यांना आमच्या हातचं चालत नाही, त्यांच्यासाठी आम्ही हात बदलायचे?' अशी सुरुवात होती. पुढे आणखी कडक होतं. मामांचं नाव घेतलं नव्हतं, पण 'पाहुण्यांच्या पोटासाठी स्वतःच्या घराचा अपमान करणारे' असं लिहिलं होतं, आणि वस्तीत असं दुसरं कोणी नव्हतं.

बोडी ती मॅच हरली. मंडीचे सगळे आले. आणि... जेवले. मांडी घालून बसले, दोनदा भात मागितला, बुंदीचं कौतुक केलं. वस्तीतली काही म्हातारी माणसं डोळे पुसत होती. एवढी वर्षं जे झालं नाही ते झालं असं त्यांना वाटलं. मी भिंतीला टेकून बघत होते, पानावर बसले नाही. मामी घरात होत्या, दार लोटून. त्या दिवशी त्यांना कोणी काही कामच सांगितलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर मामा पानावर बसले, एक घास हातात घेतला आणि तो तसाच पानावर ठेवला. "खाल्लं त्यायनं," ते म्हणाले. "पण आमचं नाही खाल्लं."

मग त्यांनी खिशातून घडी केलेलं माझं पत्रक काढलं. मला वाटलं आता फाडतील, निदान ओरडतील. त्यांनी ते उलगडून माझ्यापुढे धरलं. "चांगलं लिवलं तू. खरंच लिवलं. पण एक सांग, ज्या हाताचं लिवून राहिली तू, त्या हाताचं नाव कुठं हाये? शेवंता म्हणून एक बाई हाये इथं. तीस साल झाले रांधून राहिली. तिले विचारलं होतं का तू?" मी म्हणाले, "तुम्ही तरी विचारलं होतं का मामा?" त्यांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली. "नाही विचारलं," ते म्हणाले. "चुकी झाली." उठून ते लोटलेल्या दारापाशी गेले आणि बाहेरूनच म्हणाले, "शेवंता, आता दुसऱ्याचा हात नाही लागंल." मामी त्यांच्याशी त्यानंतर पंधरा दिवस बोलल्या नव्हत्या, असं पुढे आईकडून कळलं.

तो शब्द त्यांनी पाळला. आणि अर्थातच केळी परत आली.

दोन वर्षांपूर्वी विहारात बैठक झाली. आता वस्तीतली शिकलेली पोरं माझ्यासारखंच बोलायला लागली होती. मॅचच बंद करा. मी खास नागपूरहून गेले होते आणि भाषण तयार होतं. मी म्हणाले, ज्या खेळात जिंकलेला माणूस आपल्या पानाला शिवत नाही तो खेळ आपण वर्षानुवर्षं खेळतो, म्हणजे आपणच त्याला मान्यता देतो. टाळ्या पडल्या. मामा मागच्या भिंतीशी बसले होते. त्यांना उभं राहून बोलण्याइतका दम नव्हता, म्हणून सगळ्यांना मागे वळून बसावं लागलं. "मॅच बंद केली तं त्यायले बरंच हाये," ते म्हणाले, मध्ये मध्ये श्वास घेत. "मंग दरसाली खोटं बोलाचं काम नाही त्यायले. आता कसं, सालातून एक डाव तरी त्यायले आपल्या आंगणात उभं राहून खोटं बोला लागते. मी पायतो नं त्यायच्या तोंडाकडं. दरसाली ते खोटं थोडं जड होऊन राहिलं. थांबा अजून." कोणीतरी म्हणालं, "किती थांबाव बुढ्या?" मामा म्हणाले, "मी गोलकी होतो बे. मले थांबनंच येते." सगळे हसले. बैठक तिथेच मोडली. मी हसले नाही. थांबणं हे सुद्धा एक धोरण असू शकतं, हे मी आजही मानत नाही. पण त्या दिवशी त्यांना हरवण्याइतका मुद्दा माझ्याकडे नव्हता, हेही खरं.

मागच्या वर्षी बोडी एका गोलने हरली. मामी आणि मामांनी मिळून रांधलं होतं. मामा आता मिलमध्ये जात नव्हते आणि बसल्या बसल्या वांगी चिरून देत होते. मंडीवाले आले. हार झाले, फोटो झाले, केळी आली. त्यांचा नवा बॅक, जेमतेम विशीचा, मैदानावर धावून भुकेजलेला, भजीच्या वासाने पानाकडे आला आणि बसायला वाकला. मधुभाऊंनी मागून हाक मारली, "चाल रे, उशीर होऊन राहिला." तो सरळ झाला आणि गेला. एवढंच. त्यानंतर मी मामांना म्हणाले, "पाहिलंत?" ते म्हणाले, "पाह्यलं. अर्धा बसला होता." मी चिडून हसले. अर्धा! पण त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. आणि त्याच वेळी मधुभाऊंबद्दल त्यांना काहीतरी लागलंही होतं. "मधूनं हाक नव्हती माराले पाह्यजे," असं ते दोनदा म्हणाले.

दिवाळीत शेवटचं बोलणं झालं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते ऊन घेत होते. आडवं झोपलं की श्वास लागायचा, म्हणून दिवसातला बराच वेळ त्या खुर्चीतच जायचा. मी म्हणाले, "मामा, या वर्षी आपण जिंकू." ते म्हणाले, "जिंकू नये." मला वाटलं गंमत करतात. "त्यायनं जिंकाव, बाई. जिंकाव, इथं याव, शेवंताच्या हातचं खाव. एक डाव. मंग मी मोकळा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले नाही पटणार." मी गप्प राहिले, कारण मला पटत नव्हतं. ज्याने आपल्याला नाकारलं त्यानेच आपलं अन्न खावं, यासाठी माणसाने आयुष्य का घालवावं? मी तसं बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. निदान भांडलो असतो.

ते गेल्यावर मॅच घ्यायची की नाही यावर पुन्हा बोलणं झालं. मामीच म्हणाल्या, "घ्या. तांदूळ आणून ठेवले हायेत." सव्वीसला मी मैदानावर गेले. दोन्ही संघ दोन मिनिटं उभे राहिले. खेळ सुरू झाला आणि दहा-बारा मिनिटांतच बोडीचा गोल झाला. वस्ती नाचायला लागली. दुसरा गोल झाला तेव्हा मीही ओरडले, खोटं कशाला सांगू. मध्यंतरात पाणी प्यायला वळले आणि बाजाराच्या बाजूला धूर दिसला. मंडीच्या शेडमागून, जाड, पांढरा, नुकत्या पेटवलेल्या भट्टीचा. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मंडीवाले हरल्यावर मागवतात. आज मॅच अजून अर्धी उरली होती आणि त्यांची भट्टी पेटली होती.

तिसरा गोल मी त्यांच्या गोलकीपरकडे बघतच पाहिला. बॉल सरळ अंगावर येत होता आणि तो बाजूला झाला. मग शिट्टी झाली, मधुभाऊंनी माइक घेतला आणि म्हणाले, "ही जीत प्रल्हादची!" सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. आमची पोरं त्यांच्या गळ्यात पडली. मधुभाऊ खरोखर रडत होते. ते ढोंग नव्हतं, मी खात्रीने सांगते. मित्राला द्यायची म्हणून त्यांना सगळ्यात मोठी जी गोष्ट सुचली, ती त्यांनी दिली होती. आणि नेमकं तेच देऊन, ज्या एका गोष्टीसाठी मामा जगत होते, ती त्यांनी या वर्षीही टाळली होती. हे त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. कळून केलं असतं तर मला चिडायला सोपं गेलं असतं.

घरी आले तेव्हा मामी वरणाला फोडणी देत होत्या. "जिंकलो," मी म्हणाले. "कितीनं?" "तीन." त्यांनी पळी खाली ठेवली. "मंडीवर तीन? कधीच नाही झाले." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सोडले त्यायनं?" मी मान हलवली. त्या चुलीजवळच खाली बसल्या. दूर मंडीच्या शेडमध्ये गाणी लागली होती, आमची पोरं जेवायला चालली होती. त्यांना मी काय म्हणणार? विशीतली पोरं, जिंकलेली, भुकेली.

थोड्या वेळाने मधुभाऊ आले, मामींना पंगतीला बोलवायला. "वहिनी, चला. आज पयलं पान तुमचं." मामी उठल्या नाहीत. "तुमी काहून हरले, भाऊजी?" त्या म्हणाल्या. मधुभाऊ गडबडले. "प्रल्हादसाठी... त्याचं मन..." "त्यायचं मन तुमाले ठाऊक नव्हतं?" मामींचा आवाज चढला नव्हता. इतका थकलेला आवाज मी कधी ऐकला नाही. "ते म्हणत, मधूनं जिंकाव आन इथं जेवाव. दरसाली म्हणत. तुमी त्यायले जीत देल्ली. ती कोणाले पाह्यजे होती?"

मधुभाऊंनी भाताच्या गंजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "डबा बांधून द्या वहिनी. घरी खाईन मी. शपथ, खाईन." मामी म्हणाल्या, "डबा नाही देत. बसा." "गुडघे वाकत नाही वो." हे खरं होतं. आणि एवढ्या वर्षांत ऐकलेल्या निमित्तांसारखंच ते निमित्तही होतं. मामी घरात गेल्या आणि मामांची खुर्ची घेऊन आल्या. अंगणात चुलीसमोर ठेवली, पदराने पुसली.

मधुभाऊ खुर्चीकडे बघत राहिले, आणि बसले. मामींनी पत्रावळ त्यांच्या मांडीवरच्या ताटात ठेवली, भात वाढला, वरण घातलं, भाजी वाढली. मी तिथेच होते. मला मोजायचे नव्हते, पण मोजले गेले. चार घास. तेवढ्यात मंडीच्या भोंग्यावरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, वाढायला चला म्हणून. त्यांनी पान बाजूला ठेवलं. "चांगलं झालं होतं वहिनी," ते म्हणाले आणि उठले. मामींनी उरलेल्या पानाकडे पाहिलं.

पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं काम मामांचं. केळी खाऊन निघालेल्यांच्या हातावरही ते दरवर्षी तांब्याने पाणी घालायचे, वाकून, शेवटच्या माणसापर्यंत. मी तांब्या उचलला. मधुभाऊंनी पपईच्या झाडाशी हात पुढे केले, मी पाणी घातलं. वरण-भाताचं पिवळं पाणी आळ्यात गेलं. मी आणखी घातलं, ते बोटं चोळत राहिले, पण मामी हळद जरा सढळ हाताने घालतात. बोटांची टोकं पिवळीच राहिली. ती तशीच घेऊन ते निघाले. त्याच हाताने त्यांना आता मंडीतल्या शेडमध्ये वाढायचं होतं, आपल्या माणसांसमोर. तिथे कोणीतरी विचारलंच असेल, भाऊ, हात कशानं पिवळा झाला?

या लेखासाठी मी बरंच काही लिहून खोडलं. पत्रकात शोभतील अशी वाक्यं सुचली, ती नको वाटली. मधुभाऊ हे वाचतील हे मला ठाऊक आहे, ते ही पुरवणी वाचतात. त्यांना मला एवढंच विचारायचं आहे. भाऊ, तुम्ही काय सांगितलं?